कपिलच्या डोक्यातला दुसरा समालोचक

पोशीर ते कशेळे या पट्ट्यात माणसाला नाव आईबाप देतात, पण ओळख मिळते ती क्रिकेटच्या माईकवरून. "आत्ताच मैदानात आगमन झालं आहे..." एवढं कानावर पडलं की बसलेला माणूस उभा राहतो आणि उभा असलेला गॉगल लावतो. भात झोडून शेतं मोकळी झाली की आमच्याकडे टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात, आणि लोक त्या खेळ बघायला येतात असा बाहेरच्यांचा गोड समज आहे. लोक स्वतःचं नाव ऐकायला येतात. मधल्या वेळात क्रिकेट होतं.

ही नावं घ्यायचं काम पोशीरचा कपिल करायचा. आठवडाभर खालापूरकडच्या एका पुठ्ठ्याच्या कारखान्यात आणि शनिवार-रविवार माईकवर. दोन्ही संघांची नावं, त्यांची टोपणनावं, गेल्या हंगामात कोण कुणाच्या चेंडूवर गेला, कोणाच्या लग्नाचं कुठं अडलंय, सगळं त्याच्या डोक्यात. त्यातही सगळ्यात नाजूक भाग मान्यवरांचा. माजी उपसरपंच आणि भावी उपसरपंच एकाच सोफ्यावर बसलेले असतात. त्यांची अदलाबदल झाली तर त्या मैदानावर पुन्हा स्पर्धा होत नाही, फक्त पोलीस पंचनामा होतो. कपिलची अशी अदलाबदल कधी झाली नाही. चेंडू हवेत असताना तो फलंदाजाचं गाव सांगायचा, झेल सुटेपर्यंत मामाचं गावही सांगून व्हायचं.

त्याची आई गंगाबाई अभिमानानं म्हणायची, "शाळेत कविता पाठ नाय झाली कधी. आता समद्या तालुक्याच्या आत्या-मावश्या पाठ हायेत."

एवढं चांगलं चाललेलं डोकं आमच्या भागात फार दिवस एकटं सोडत नाहीत. कपिलच्या डोक्याकडे लक्ष गेलं ते स्वप्नीलचं.

स्वप्नील पळसदरीला, धरणाजवळच्या एका बंगल्याची राखण करतो. शनिवारी शहरातले पाहुणे येतात, निसर्गाचा आस्वाद घेतात आणि उरलेला आस्वाद रविवारी टेबलाखाली विसरून जातात. स्वप्नीलला स्वच्छतेची आवड असल्यामुळे तो ते सगळं गोळा करायचा. त्यातला गांजा त्यानं कपिलला पहिल्यांदा दिला तेव्हा त्याची बाजू आरोग्याची होती.

"दारू वाईट, कप्या. लिवर खाते. हा पाला हाय रं, पाला. मेथी खातोस ना?"

मेथीची भाजी खाऊन कोणी अर्धा दिवस भिंतीकडे बघत बसल्याचं माझ्या पाहण्यात नाही, पण मी काही आहारतज्ज्ञ नाही.

आधी स्पर्धेच्या दिवशी, मग स्पर्धेच्या आदल्या दिवशी, मग कारखान्याची गाडी चुकली त्या दिवशी, आणि मग गाडी रोजच चुकायला लागली. गांजा ओढणारे आमच्याकडे बरेच आहेत. बहुतेकांचं काय होतं, तर ते जास्त खातात आणि कमी कामाला येतात. त्यामुळे कपिलचं काही वेगळं होतंय हे कोणाच्या लक्षात येईना. तो गप्प राहायला लागला तर लोक म्हणाले, मोठा झाला. खोलीची खिडकी बंद ठेवायला लागला तर म्हणाले, डास फार आहेत.

माईकवर मात्र गंमत सुरू झाली. चौकाराला सुरू केलेलं वाक्य त्याला मधेच सापडेनासं व्हायचं. धावफलक विचारायला लागायचा. एकदा त्यानं एकाच फलंदाजाला तीन वेगवेगळ्या गावांचा करून टाकला. पूर्वीच्या कपिलला हे झोंबलं असतं. आताच्या कपिलनं डोळे मिटून माईकमध्ये सांगितलं, "या फलंदाजाच्या मनात काय चाललंय ते मला ऐकायला येतंय. तो म्हणतोय, पुढचा चेंडू सोडायचा."

फलंदाजानं पुढचा चेंडू सोडला. सोडणारच होता, तो अकराव्या नंबरचा होता आणि चेंडू डोक्यावरून गेला. पण मैदान उसळलं. शिट्ट्या, फटाके, माजी आणि भावी दोघंही एकाच वेळी उभे.

स्पर्धेचे कायमचे अध्यक्ष मालोजीशेठ. ते जमिनीचे व्यवहार करतात, म्हणजे एकाची जमीन दुसऱ्याला दाखवून मधेच जेवतात. त्यांना माल ओळखता येतो. पुढच्या स्पर्धेचा बॅनर लागला, त्यावर मालोजीशेठांच्या फोटोखाली, थोड्या लहान अक्षरांत: 'मनकवडा समालोचक कपिल.' आणि मंडपामागे स्वप्नीलची कायमची नेमणूक झाली. सामना सुरू होण्याआधी कपिलला 'तयार' करायचं. इतर गावांत खेळपट्टीवर रोलर फिरवतात.

त्या हंगामातली शेवटची स्पर्धा कशेळ्याला होती. अंतिम सामना, माणसं झाडांवर. कपिलनं माईक घेतला आणि खेळाकडे न बघता बोलायला लागला.

"कपिलनं माईक हातात घेतलाय." थांबला. "कपिलला घाम आलाय." पुन्हा थांबला. "कपिलला वाटतंय, कोणाला कळत नाय. सगळ्यांना कळतंय. कपिल आता मागं बघेल."

आणि त्यानं मागं बघितलं.

लोक हसून हसून खाली बसले. यूट्यूबवर तो तुकडा आमच्या तालुक्याबाहेरही गेला. खाली लिहिलेलं, 'कडक स्टाईल भावा.' हसली नाही ती त्याची बहीण पौर्णिमा. ती कर्जतला औषधांच्या दुकानात काम करते. तिनं एकच गोष्ट पाहिली, जी एवढ्या गर्दीनं पाहिली नव्हती. प्रत्येक वाक्याआधी कपिल मान किंचित तिरकी करत होता. तो बोलत नव्हता. ऐकलेलं पुढे सांगत होता.

घरी तिनं विचारलं, "दादा, कोण बोलत होतं?"

"तो."

"तो कोण?"

"दुसरा समालोचक. मी काय करतो ते सांगतो दिवसभर. कपिल उठला, कपिलनं चहा सांडला, कपिल काय कामाचा नाय." मग जरा वेळानं, खरोखरच्या हेव्यानं, "माझ्यापेक्षा बरा बोलतो गं. अडकत नाय कुठं."

गावात बातमी फुटायला फार वेळ लागला नाही आणि उपचार सुचवायला त्याहून कमी. एकानं सांगितलं नजर लागली, एकानं सांगितलं लग्न करा. गंगाबाई म्हणायची, "आमच्यात असलं काय करत नाय," आणि शेजारणीनं उतरवायला आणलेलं लिंबू चुलीमागं जपून ठेवायची. ज्या मालोजीशेठांनी बॅनर छापला त्यांचं मत सगळ्यात शास्त्रीय होतं. "कलाकार माणूस हाय. कलाकार थोडा हललेलाच पायजे."

पौर्णिमानं कोणाचं ऐकलं नाही. महिन्यातून एकदा कर्जतला मनाच्या आजारांच्या डॉक्टर येतात, माधवी त्यांचं नाव. त्यांच्याकडे ती त्याला घेऊन गेली, आणि वजन उचलायला शेजारचा म्हणून मला सोबत नेलं. वजन म्हणजे कपिल. तो रिक्षातून उतरायलाच तयार नव्हता, कारण दुसरा समालोचक सांगत होता की कपिल आता उतरणार नाही.

डॉक्टरांनी बरंच काही शांतपणे विचारलं. मग म्हणाल्या, "कपिल, मी पाच शब्द सांगते. थोड्या वेळानं मला परत सांगायचे. केळं, चावी, पाऊस, घोडा, पिशवी."

दोन संघांतली सगळी नावं टोपणनावांसकट झोपेत म्हणणारा माणूस. थोड्या वेळानं तो म्हणाला, "केळं... चावी..." आणि मग बराच वेळ छताकडे बघून, अगदी आदबीनं, "माजी उपसरपंच."

मला हसू फुटलं होतं. पौर्णिमाकडे बघितलं आणि ते जिथल्या तिथं राहिलं.

आजाराचं नाव डॉक्टरांनी पहिल्या दिवशी लावलं नाही. काही महिने बघितलं, तपासण्या केल्या, गोळ्या सुरू केल्या, मग सांगितलं: स्किझोफ्रेनिया. नसलेले आवाज ऐकू येणं, लोक आपल्याबद्दलच बोलतात असं वाटणं, हे त्यातलं दिसणारं. न दिसणारं म्हणजे लक्ष टिकत नाही, आठवण धरत नाही, विचारांची गाडी हळू होते. ते या आजारातच असतं, गांजा न ओढणाऱ्यालाही होतं.

"म्हणजे गांजामुळं नाय झालं?" पौर्णिमानं विचारलं.

"एकट्या गांजामुळं झालं असं मी म्हणणार नाही. सगळ्या ओढणाऱ्यांना होत नाही. पण ज्याच्यात हे दबा धरून बसलेलं असतं, त्याला रोजचा गांजा पुढं ढकलतो. आणि आजार झाल्यावरही ओढत राहिलं तर आवाज परत परत येतात, गोळ्या नीट लागू पडत नाहीत. आधीच अडखळणाऱ्या आठवणीला तो आणखी अडखळवतो."

"सोडला तर डोकं परत येईल?"

"काही येतं. हळूहळू. सगळं येईल असं वचन मी देत नाही. पण न सोडता काही येणार नाही, हे मात्र सांगते."

कपिल तेवढ्यात पहिल्यांदा स्वतःहून बोलला. "माईक मिळेल?"

डॉक्टरांनी पौर्णिमाकडे बघितलं. माईक म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगायला त्या दिवशीचा उरलेला वेळ गेला.

पुढचं वर्ष म्हणजे काही सरळ चढण नव्हती. त्यानं सोडला, परत ओढला, परत आवाज वाढले, कारखान्यातलं काम सुटलं. मग सोडला तो सोडलाच. गोळ्यांनी सुरुवातीला तो इतका झोपायचा की गंगाबाई नाकाशी हात धरून बघायची. डॉक्टरांनी गोळी बदलली, झोप कमी झाली. दुसरा समालोचक पूर्ण गेला नाही, पण लांब गेला. कपिलच्या भाषेत, "बाउंड्रीवर फिल्डिंग करतो आता." पौर्णिमा रोज जेवताना त्याला दुकानात आलेल्या चार गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायची आणि दुसऱ्या दिवशी विचारायची. आधी एक आठवायचं. मग दोन. आमच्या गावात एवढ्या प्रगतीला कोणी टाळ्या वाजवत नाही.

आणि पुन्हा हंगाम आला. मालोजीशेठ स्वप्नीलला घेऊन घरी आले. मी अंगणातच होतो.

"काय रं कप्या, जाड झालास की! उद्घाटनाला तू पायजे. बॅनर छापायला टाकलाय."

"येतो की," कपिल म्हणाला. चेहरा असा उजळला की वर्षभरात तसा पाहिला नव्हता. "पण मी आता ओढत नाय, शेठ."

मालोजीशेठांनी पौर्णिमाकडे असं बघितलं, जणू तिनं सातबाऱ्यावर हरकत घेतली. "ओढू नको, कोण म्हणतंय रोज ओढ? त्या दिवसापुरतं. लोक मनकवड्याला बघायला येणार. ह्या गोळ्यांनी पोराचं डोकं बसवलंय, पौर्णिमा. बघ की, बोलायला किती टाइम लावतो."

स्वप्नीलनं मोबाईल पुढे केला. सातवीनंतर शाळेला ज्यानं त्रास दिला नाही, तो आता संशोधनावर आला होता. "ताई, हे वाचा. परदेशात तपासलंय. हा आजार असणाऱ्यांत जे गांजा ओढतात ना, त्यांची आठवण न ओढणाऱ्यांपेक्षा बरी निघाली. मोठ्या मोठ्या डॉक्टरांनी लिवलंय."

"खरं हाय ते," पौर्णिमा म्हणाली.

स्वप्नील गडबडला. खरं निघेल अशी त्याची तयारी नव्हती.

"काही तपासण्यांत तसं निघालंय. मी डॉक्टरबाईंना विचारलं होतं. त्यांनी मला विचारलं, दोन माणसं लंगडतायत. एकाचा पाय जन्मापासूनच कमजोर, दुसऱ्याचा धडधाकट पाय गाडीवरून पडून मोडला. दोघांत दुसरा जरा बरा चालतो. मग गाडीवरून पडणं पायाला चांगलं असतं का?"

स्वप्नीलनं मोबाईल खिशात घातला.

"ज्यांना गांजानं आजारात ढकललं, त्यांचं डोकं मुळात चांगलं असेल, म्हणून ते बरे दिसत असतील. डॉक्टरबाई म्हणाल्या, नक्की कारण अजून शोधतायत. पण पाला खाऊन डोकं वाढतं, असं कुठं लिवलेलं नाय. दादाचं डोकं किती चांगलं होतं ते तुमाला माहीत हाय, शेठ. तुमीच बॅनर छापला."

"एवढं शिकवू नको गं आमाला," मालोजीशेठ उठले. "बघ कप्या. आमाला तुझी काळजी हाय म्हणून आलो. तसा रुद्र तयारच हाय."

रुद्र म्हणजे नवीन पोरगा, कर्जतच्या कॉलेजातला. हिंदी-मराठी मिसळून इतका वेगानं बोलतो की तो काय म्हणाला हे कोणालाच कळत नाही, त्यामुळे चुकाही सापडत नाहीत.

ते गेल्यावर पौर्णिमा म्हणाली, "दादा, जाऊ नको. मागं मंडपात तेच देतील तुला."

"मी जातो. ओढणार नाय. पण माईक मला पायजे."

"दोन्ही एकदम नाय जमलं तर?"

त्याला उत्तर द्यायला वेळ लागला. हल्ली लागतोच. "तर बघू."

उद्घाटनाच्या दिवशी पोशीरच्या शेतात मंडप उभा राहिला. नारळ फुटला, मान्यवरांच्या सत्काराच्या शाली उन्हात चमकल्या. थंडीच्या दिवसांतल्या दुपारी शाल घेऊन घामाघूम होणं हा आमच्याकडे प्रतिष्ठेचा भाग आहे. कपिल इस्त्रीचा शर्ट घालून माईकपाशी बसला. पौर्णिमा बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत. मी स्टेजच्या पायरीवर.

पहिली ओव्हर बरी गेली. हळू, साधी, पण बरी. "एक धाव. चेंडू परत गोलंदाजाकडे." दुसऱ्या ओव्हरला सलामीचा फलंदाज बाद झाला, नवा आला. कपिलला त्याचं नाव सापडेना. माईक सुरू, मैदान शांत, लाउडस्पीकरमधून त्याचा श्वास ऐकू येतोय. मग त्यानं सरळ विचारलं, "नाव काय रं तुझं, भावा?"

फलंदाजानं खेळपट्टीवरून ओरडून सांगितलं. कपिलनं ते एकदा स्वतःशी म्हणून घेतलं आणि मग जाहीर केलं. काही लोक हसले. झाडावरून कोणीतरी ओरडलं, "ए मनकवडा! त्याच्या मनातलं सांग!"

"मनातलं! मनातलं!" सगळ्या मैदानानं सूर धरला.

कपिल माईकच्या जवळ आला. "मनातलं मला आता ऐकायला येत नाय," तो म्हणाला. "ज्याचं त्यानं सांगा."

मला वाटलं, यावर टाळ्या पडतील. पडल्या नाहीत. लोकांना पैसे न देता मिळालेला खेळ बंद पडल्यासारखं वाटलं. हुर्यो सुरू झाली. मालोजीशेठ स्टेजवर चढले, कपिलच्या खांद्यावर प्रेमानं हात ठेवला आणि त्याच प्रेमानं माईक काढून रुद्रकडे दिला. "आपला कपिल थोडा थकलाय," त्यांनी जाहीर केलं. त्यांच्यातला माणुसकीचा झरा नेहमी माईकवरच फुटतो.

कपिल मागच्या बाजूनं उतरला. मी मागं गेलो. पौर्णिमा गर्दीतून वाट काढत येत होती.

मंडपामागे पाण्याच्या टाकीशी स्वप्नील उभाच होता. हातात भरलेली सिगारेट. आवाज अगदी मऊ. "बघितलंस ना काय झालं? दोन झुरके मार. शेठनी सांगितलंय, तयार झालास तर पुढच्या मॅचला माईक तुझा. रुद्र्याला काय येतंय? लोक तुलाच मागतायत."

कपिलनं सिगारेट हातात घेतली. पौर्णिमा पोचली आणि जागच्या जागी थांबली. ओरडली नाही. ओरडून सोडवता आलं असतं तर गंगाबाईनंच गेल्या वर्षी सोडवलं असतं.

"लोक मला नाय मागत," कपिल म्हणाला. एकेक शब्द शोधून. "लोक त्याला मागतायत. दुसऱ्याला. ही ओढली तर तो येईल, माईक त्यालाच मिळेल. मी परत ऐकत बसणार."

"एकदाच रं."

"त्याला एकदा माईक दिला तर तो परत देत नाय. तुमच्या शेठसारखा हाय." त्यानं सिगारेट स्वप्नीलच्या शर्टाच्या खिशात नीट ठेवून दिली. "तूच मार. रुद्र काय बोलतो ते कळायला लागंल."

मग तो पौर्णिमाबरोबर बायकांच्या बाजूला जाऊन तिच्याशेजारी सतरंजीवर बसला. तिथं बसलेला तो एकटाच पुरुष, त्याचं त्याला काही नव्हतं. पौर्णिमा डोळे पुसत नव्हती, कारण पुसले असते तर दिसलं असतं. तिनं भेळेचा कागद त्याच्यापुढे सरकवला.

"तो काय म्हणतोय?" तिनं हळूच विचारलं.

"म्हणतोय, कपिलचा माईक गेला."

"मग?"

"मग काय, खरंच गेला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा बरोबर बोलला."

पौर्णिमा हसली आणि रडली, दोन्ही एकाच घासात. समोर रुद्र बंदुकीसारखा बोलत होता. कपिल बराच वेळ खेळाकडे बघत राहिला, ओठ हलवत. ओव्हर संपल्यावर म्हणाला, "सत्तेचाळीस झाल्या."

पौर्णिमानं धावफलकाकडे बघितलं. मीही बघितलं. "बरोबर हाय, दादा," ती म्हणाली.

कपिलनं तिच्याकडे बघितलं, मग परत मैदानाकडे. बोटांवर काहीतरी मोजलं. भेळेतली मिरची काढून बाजूला ठेवली.

"खोटं बोलू नको गं," तो म्हणाला. "मघाचा नो बॉल मी धरलाच नाय. अठ्ठेचाळीस हायेत."